चाकं किती तिरपी करायची? ट्रॅक डेच्या अलाइनमेंटवर वाचकांचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं एकाच गोष्टीवर आलीत, ट्रॅक डेला (म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला) जायचंय तर कॅम्बर किती, टो किती, कॅस्टरचं काय. नवख्यांसाठी, कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक किती तिरपं आहे ते, वरचं टोक आत असेल तर उणे किंवा निगेटिव्ह, बाहेर असेल तर पॉझिटिव्ह. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकाची पुढची कड कुठे बघते ते, आत तर टो-इन, बाहेर तर टो-आउट. कॅस्टरचं पुढे येईलच. आणि बहुतेकांनी सोबत कुणाच्या तरी गाडीचे आकडे जोडलेत आणि विचारलंय "हे टाकू का?" त्यामुळे हा पूर्ण अंक त्यालाच देतोय. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तर त्याहून मोठं, कारण बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : नमस्कार दादा. माझी टोयोटा जीटी८६ आहे, १७ इंची चाकं, सस्पेन्शन कंपनीचंच, टायर रस्त्याचेच पण जरा चिकट कंपाउंडचे. दोन ट्रॅक डे झाले आणि पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड पार उडाली, आतली कड मात्र नव्यासारखी. एक मित्र रेसिंग करतो, तो म्हणतो पुढे उणे ३.२ कॅम्बर, मागे उणे २.५ आणि पुढे ३ मिमी टो-आउट टाक, नाक असं आत घुसेल की बघत राहशील. पण हीच गाडी मी रोज कामाला नेतो, दिवसाला ४० किमी होतात. टाकू का हे आकडे?
– एक जीटी८६वाला

उत्तर : नका टाकू. म्हणजे दिशा बरोबर आहे मित्राची, कॅम्बर वाढवायलाच हवाय, पण आकडे त्याच्या गाडीचे आहेत, त्याच्या टायरचे, त्याच्या स्प्रिंगचे, आणि त्याची गाडी ट्रॅकवर बहुतेक ट्रेलरवरून जात असणार.

आधी तुमची कड का उडाली ते बघू. जीटी८६ कारखान्यातून निघायची तेव्हा पुढचा कॅम्बर जवळजवळ शून्य असायचा, मागचा साधारण सव्वा अंश निगेटिव्ह. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाकाला वरून धरणारा स्प्रिंग-शॉक अब्सॉर्बरचा एकच खांब, मागे डबल विशबोन, म्हणजे चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म. आता गाडी वळणात झुकली की बाहेरचं चाक पण तिच्याबरोबर बाहेर कलतं. डबल विशबोनमध्ये चाक वर जाताना स्वतःच थोडं आत झुकतं आणि हा कल बराचसा भरून काढतं, स्ट्रटला ते नीट जमत नाही. समजा बॉडी ३ अंश झुकली आणि स्ट्रटने त्यातला एखादा अंश भरून काढला, तरी बाहेरचं चाक रस्त्याच्या मानाने २ अंश पॉझिटिव्ह झालं. म्हणजे गाडीचा सगळा भार ज्या टायरवर आलाय तोच टायर बाहेरच्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर उभा आहे. तो पट्टा तापतो, घासतो, फाटतो, आणि गाडी वळायच्या ऐवजी बाहेर पळते. मग आपण स्टिअरिंग अजून फिरवतो आणि कड अजून खातो. उभं असताना उणे २.५ ठेवला असता तर त्याच वळणात तो उणे अर्ध्यावर आला असता आणि टायर पूर्ण रुंदीने बसला असता. एवढंच आहे कॅम्बरचं गणित, बाकी सगळे त्याचे फाटे.

मग उणे ३.२ का नको? कारण गाडी फक्त वळत नाही, ब्रेक पण मारते. सरळ रेषेत जोरात ब्रेक मारताना गाडी झुकलेली नसते, तेव्हा जास्त कॅम्बरवाला टायर आतल्या कडेवर उभा असतो आणि एबीएस लवकर खडखडायला लागतो. स्लिकवाल्याला (खाचा नसलेले रेसिंग टायर लावणाऱ्याला) वळणात एवढी पकड मिळते की हा सौदा परवडतो. तुमच्या टायरवर, तुमच्या मऊ कंपनीच्या स्प्रिंगवर मी पुढे उणे २ ते उणे २.५ मध्ये सुरुवात करीन, मागे उणे १.५ च्या आसपास. मागचा कॅम्बर पुढच्यापेक्षा कमीच ठेवा, जीटी८६चा मुळातला त्रास नाक बाहेर जाण्याचा आहे, मागे पण उणे अडीच टाकला तर मागची पकड वाढून तोच त्रास परत.

आता टो. मला तुमच्या मित्राच्या सल्ल्यातली सगळ्यात जास्त भीती ह्या ३ मिमीची वाटली. पहिला प्रश्न, ३ मिमी म्हणजे प्रत्येक चाकाला की दोन्ही मिळून? दुसरा प्रश्न, मोजलं कुठे? १७ इंची रिमच्या कडेवर मोजले तर एका चाकाला ३ मिमी म्हणजे ०.४ अंश होतात, तेच टायरच्या बाहेरच्या घेरावर मोजले तर ०.२८. म्हणजे एकाच "३ मिमी"चे चार वेगळे अर्थ निघतात आणि त्यातला सगळ्यात मोठा अर्थ सगळ्यात लहानाच्या जवळजवळ तिप्पट आहे. म्हणून टो नेहमी अंशात किंवा मिनिटात (अंशाचा साठावा भाग) बोला आणि प्रत्येक चाकाचा की एकूण तेही बोला, नाहीतर अलाइनमेंटवाला त्याला समजेल ते करतो आणि आपण त्याला शिव्या देतो.

आणि टायर कोण खातं? लोक म्हणतात कॅम्बर. कॅम्बर खातो थोडा, आतल्या बाजूने, पण खरा खादाड टो आहे. साधा हिशेब करून बघा, चाक ०.४ अंश वाकडं असेल तर दर किलोमीटरला ते ढोबळमानाने ७ मीटर आडवं फरफटतं. तुमच्या ४० किमीला रोजचे २८० मीटर. रोज. कोरड्या डांबरावर टायर पाव किलोमीटर आडवा ओढत नेला तर जे होईल तेच होतंय, फक्त हळूहळू होतंय म्हणून दिसत नाही, आणि कॅम्बर जास्त असल्यामुळे ते सगळं आतल्या कडेवर होतंय, जिथे आपण वाकून बघतच नाही. पुढचा टो शून्य असेल तर उणे २ कॅम्बरवर रोजची गाडी बऱ्यापैकी टायर राखते. त्यामुळे तुमच्यासाठी पुढे टो शून्य, मागे प्रत्येक चाकाला ०.१ अंश टो-इन, तुमच्या रिमवर ते पाऊण मिमी होतं. टो-आउटने नाक चटकन आत येतं हे खरंय, पण सरळ रस्त्यावर तीच गाडी प्रत्येक चाकोरी हुंगत जाते आणि ब्रेकखाली इकडेतिकडे बघायला लागते. ट्रॅकवर ती चपळाई, कामावरून थकून घरी येताना तो जाच.

राहिला प्रश्न कॅम्बर आणायचा कुठून, कारण तुमच्या गाडीला पुढे कंपनीकडून फक्त टो बदलता येतो. दोन रस्ते आहेत. स्ट्रट जिथे चाकाच्या नकलला (हब धरणाऱ्या लोखंडी भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो त्यातला एक काढून कॅम्बर बोल्ट टाकायचा, त्याने साधारण एक ते दीड अंश मिळतो. किंवा स्ट्रटचं वरचं माउंट काढून कॅम्बर प्लेट, जिच्यावर स्ट्रटचं वरचं टोक आतबाहेर सरकवता येतं. बोल्ट सोपा पण त्याने फक्त चाकाचं वरचं टोक स्ट्रटकडे सरकतं, टायर आणि स्ट्रटमधली जागा कमी होते, रुंद टायर असेल तर बोट घालून बघा जागा उरलीय का. प्लेटमध्ये स्ट्रट आणि चाक एकत्रच आत झुकतात म्हणून ती जागा तशीच राहते. शिवाय कॅम्बर बोल्टचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, टॉर्क रेंच न लावता अंदाजे आवळला आणि गाडी कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आपटली की तो सरकतो. आवळून झाल्यावर नट आणि नकलवर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की समजायचं सरकलाय. तुम्हाला उणे २.५ हवाच असेल तर प्लेटला पर्याय नाही, उणे दीडवर भागत असेल तर बोल्ट पुरे, आणि खरं सांगू, शून्यावरून उणे दीडवर येणं हाच एवढा मोठा फरक आहे की पहिल्या दिवशी तुम्हाला गाडी बदलल्यासारखी वाटेल.

एक महत्त्वाचं, कॅम्बर हलवला की टो हलतोच. त्यामुळे घरी कॅम्बर बोल्ट टाकून "टो नंतर बघू" म्हणत ट्रॅकवर जायचं नाही. क्रम असा की आधी सगळीकडचा खेळ तपासायचा, बॉल जॉइंट, टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा), बुश (आर्मच्या टोकाची रबरी जोडणी), बेअरिंग, कारण लुळ्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट दुसऱ्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. मग हवा, मग गाडीची उंची, मग ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवायचं, टाकी अर्धी. मग मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कॅम्बर, स्टिअरिंग सरळ धरून लॉक, आणि सगळ्यात शेवटी पुढचा टो. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी पुढेमागे ढकलून बसवल्याशिवाय मोजायचं नाही, चाकं आत ओढून उभी असतात आणि सगळे आकडे खोटे येतात.

प्रश्न : तुम्ही नेहमी म्हणता टायरला विचारा. मी इन्फ्रारेड गन घेतली, पिटमध्ये आलो की मारतो, पण आकडे दर वेळी वेगळेच येतात, कधी आतली बाजू गरम, कधी बाहेरची. काय चुकतंय?

उत्तर : गन चुकतेय असं नाही, ती जे बघते तेच सांगते, पण ती फक्त वरची कातडी बघते आणि कातडी पिटलेनमधून येता येताच गार होते. पिटमध्ये शिरायच्या आधीचं शेवटचं वळण डावं होतं की उजवं ह्याने सुद्धा तुमचा आकडा बदलतो. सुई रबरात टोचून मोजणारा पायरोमीटर घ्या. प्रत्येक टायरवर तीन जागा, आतली कड, मध्य, बाहेरची कड, सुई दर वेळी तेवढीच खोल, आणि ज्या टायरवर ट्रॅक जास्त भार टाकतो तिथून सुरुवात. कूल डाउन लॅप (गाडी थंड करायला शेवटी हळू मारलेला फेरा) मारून आलात तर मोजूच नका, वेळ वाया. अर्थात ज्या ट्रॅक डेला कूल डाउन लॅप सक्तीचा असतो तिथे तो मारायचाच, मग तापमानापेक्षा झीज बघा.

वाचायचं कसं ते सांगतो. समजा बाहेर ९२, मध्ये ८४, आत ७८ आलं, तर टायर ओरडून कॅम्बर मागतोय. कॅम्बर वाढवल्यावर आत ८८, मध्ये ८४, बाहेर ८० आलं तर छान. आतली कड ५ ते १० अंशांनी गरम असणं ठीक आहे, कारण सरळ रस्त्यावर तीच टेकलेली असते. तिन्ही अगदी सारखे यावेत म्हणून धडपडू नका. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त, गार असेल तर कमी, आणि हवा चुकीची असताना कॅम्बरबद्दल काहीही ठरवायचं नाही.

हवेचं पण सांगून टाकतो. टायरमधली हवा १० अंश सेल्सिअस तापली की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. सकाळी गार टायरमध्ये २८ भरले तर तीन-चार लॅपनंतर ३४-३५ दिसणं नवल नाही. म्हणून पहिल्या सत्रानंतर गरम असतानाच दाब बघा आणि तिथेच काढा, आणि संध्याकाळी घरी निघताना परत भरायला विसरू नका, हे मी स्वतः दोनदा विसरलोय.

यंत्र घ्यायचं नसेल तर खडू. टायरच्या खांद्यावर, ट्रेड (रस्त्याला टेकणारा पट्टा) संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूची जाड रेघ तीन ठिकाणी मारायची आणि एक सत्र चालवून यायचं. खडू भिंतीवर खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, म्हणजे हवा कमी किंवा कॅम्बर कमी. ट्रेडच्या कडेवर सुद्धा खडू शिल्लक असेल तर कड वापरलीच जात नाहीये. एवढंसं काम, पण गनपेक्षा खरं बोलतं.

प्रश्न : मागच्या चाकांना थोडा टो-आउट दिला तर गाडी चांगली फिरते असं ऐकलंय. रिअर व्हील ड्राइव्ह गाडी आहे. ट्राय करू का?

उत्तर : नको.

बरं, कारण सांगतो, कारण मी केलंय. मुद्दाम नाही केलं. एका वर्कशॉपमध्ये मागचे खालचे आर्म बदलले, तिथल्या माणसाने टो "नजरेने" लावून दिला, मी पण घाईत होतो, दुसऱ्या दिवशी ट्रॅक होता. पहिले दोन लॅप गाडी मस्त वाटली, नाक नुसतं आत आत येत होतं, मला वाटलं वा काय काम केलंय. तिसऱ्या लॅपला एका लांब वेगवान वळणात समोर एक गाडी हळू झाली, मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, आणि पुढचं मला आठवतं ते एवढंच की मी उलट तोंड करून गवतात उभा होतो. नंतर मोजलं तर मागचं एक चाक बाहेर बघत होतं.

होतं काय, वळणात भार बाहेरच्या मागच्या चाकावर असतो, आणि ते चाक जर बाहेरच्या दिशेला तोंड करून असेल तर ते गाडीचं शेपूट बाहेर न्यायला मदतच करतं. पाय सोडला की वजन पुढे जातं, मागची पकड कमी होते, आणि मग सावरायला वेळ मिळत नाही. टो-इन असेल तर तेच चाक शेपटाला आत ढकलत राहतं. शिवाय जुन्या गाडीत बुश मऊ झालेले असतात, ब्रेक मारला की चाक मागे ओढलं जातं आणि टो स्वतःहून बदलतो, म्हणजे उभं असताना शून्य ठेवला तरी चालताना तो बाहेर जाऊ शकतो. म्हणून मागे थोडा टो-इन हा तुमचा विमा. गाडी फिरत नाही असं वाटत असेल तर आधी पुढचा कॅम्बर वाढवा, मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी झुकू न देणारा दांडा) एक खाच कडक करा, मागच्या टोला हात लावू नका.

फ्रंट व्हील ड्राइव्हवाले काही रेसर मागे किंचित टो-आउट ठेवतात, त्यांच्या गाड्या मुळात फिरायला तयार नसतात आणि शेपूट सुटलं तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी सरळ करता येते. तिथेही पहिल्या वर्षी नको.

प्रश्न : चारही चाकांचं अलाइनमेंट केलं, प्रिंटमध्ये सगळे आकडे हिरवे, तरी स्टिअरिंग डावीकडे तिरकं. ते म्हणतात सगळं रेंजमध्ये आहे.

उत्तर : हिरवं म्हणजे बरोबर असं नाही, हिरवं म्हणजे कारखान्याने दिलेल्या सवलतीत बसतंय. एक चाक सवलतीच्या ह्या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला असलं तरी दोन्ही हिरवीच. प्रिंट काढून त्यातला थ्रस्ट अँगल बघा. दोन्ही मागची चाकं मिळून गाडीला कुठल्या दिशेला ढकलतात तो हा कोन. मागची जोडी जरा उजवीकडे बघत असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि सरळ जायला स्टिअरिंग कायम तिरकं धरावं लागतं. पुढचा टो कितीही सुंदर लावला तरी हे सुटत नाही, आधी मागचे दोन टो सारखे करून थ्रस्ट अँगल शून्याला आणायचा आणि मग पुढे यायचं. मागे सोय असून फक्त पुढचंच करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि ट्रॅकसाठी लावायला गेलात तर तुमचे आकडे कागदावर लिहून न्या आणि आधीच सांगा की तुमच्या स्क्रीनवर लाल दिसेल, दिसू दे.

प्रश्न : माझी जुनी माझदा एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीतली. तिला तर सगळंच अ‍ॅडजस्ट होतं म्हणतात. मग कॅस्टर किती ठेवू? त्याचा ट्रॅकवर उपयोग काय?

उत्तर : नशीबवान आहात. चारही कोपऱ्यांना डबल विशबोन आणि चारही ठिकाणी विक्षिप्त बोल्ट, म्हणजे तो चकतीवाला बोल्ट जो फिरवला की आर्म आतबाहेर सरकतो. काहीही विकत न घेता बरंच काही करता येतं, फक्त ते बोल्ट इतक्या वर्षांत गंजून बसलेले असतात, आदल्या रात्री नाही तर आठवडाभर आधीपासून तेल पाजायला लागा.

कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगचा आस बाजूने बघितला तर मागे किती कललाय ते. सायकलचा पुढचा फोर्क आठवा, हात सोडला तरी सायकल सरळ जाते ती बरीचशी ह्याच जातीच्या करामतीने. ट्रॅकवर त्याचा खरा फायदा वेगळाच आहे, स्टिअरिंग वळवलं की कॅस्टरमुळे बाहेरचं चाक आणखी निगेटिव्ह होतं. ७ अंश कॅस्टर आणि चाक १० अंश वळलं तर ढोबळ हिशेबाने एक अंश कॅम्बर फुकटात मिळतो, आणि तो फक्त वळताना मिळतो, ब्रेक मारताना सरळ रस्त्यावर नाही. म्हणून कॅस्टर जमेल तेवढा जास्त ठेवावा. किंमत एवढीच की स्टिअरिंग जड होतं, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या एमएक्स-५ला संध्याकाळी खांदे सांगतात. तुमच्या गाडीत गोम अशी की पुढच्या खालच्या आर्मला दोन बोल्ट आहेत आणि त्याच दोघांतून कॅम्बर पण निघतो आणि कॅस्टर पण, एक ओढलं की दुसरं सुटतं. आधी हवा तेवढा कॅम्बर ठरवा आणि मग तो न हलवता जेवढा कॅस्टर मिळेल तेवढा घ्या. आकड्यापेक्षा डावं आणि उजवं सारखं असणं महत्त्वाचं. डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी झालं तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

प्रश्न : गाडी ४० मिमी खाली केली, कॅम्बर आपोआप उणे दीड आला. आता वेगळं अलाइनमेंट कशाला?

उत्तर : कारण टो पण आपोआप बदललाय, आणि तो कुठे गेलाय ते तुम्हाला माहीत नाही. आणि स्ट्रटवाली गाडी फार खाली केली की खालचा आर्म आडव्याच्या पलीकडे जातो, मग चाक वर जाताना निगेटिव्ह व्हायच्या ऐवजी उलट पॉझिटिव्ह व्हायला लागतं. म्हणजे उभं असताना मिळालेला दीड अंश वळणात परत घेतला जातो. टाय रॉडचा कोन पण बिघडतो, उंचवट्यावर गाडी स्वतःच वळायला लागते. थोडी वर घ्या आणि अलाइनमेंट करा.

प्रश्न : आमचा सर्किट घड्याळाच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, डाव्या बाजूचे टायर लवकर जातात. डाव्या चाकाला जास्त कॅम्बर देऊ का?

उत्तर : देतात लोक, आणि चूक नाही. ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) तर हे टोकाला जातं, सगळी वळणं डावीकडेच असतात म्हणून इंडियानापोलिसच्या गाड्यांचं उजवं चाक निगेटिव्ह आणि डावं चक्क पॉझिटिव्ह असतं, दोन्ही एकाच बाजूला कललेली. पण तुम्ही घरी पण त्याच गाडीने जाणार ना, कॅम्बर डावा-उजवा वेगळा असला की गाडी एका बाजूला ओढते. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक सहन होतो. त्यापेक्षा दुपारी चाकं डावी-उजवी बदला, टायरला चालण्याची ठरावीक दिशा नसेल तर पाना आणि वीस मिनिटं.

प्रश्न : फॉर्म्युला वनवाले एवढे हुशार, ते कॅम्बर किती ठेवतात? तेच धरून चालू का?

उत्तर : तुम्ही गंमतीत विचारलंय हे कळलं, तरी सांगतो कारण किस्से चांगले आहेत. तिथेही टायरवाला मर्यादा सांगतो आणि टीम ती ओढून बघते. २०११ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला रेड बुलने टायर पुरवणाऱ्या पिरेलीने सुचवलेल्यापेक्षा जास्त कॅम्बर ठेवला होता आणि क्वालिफाइंगनंतर पुढच्या टायरांना फोड आलेले दिसले. शर्यत त्यांच्याच फेटलने जिंकली ते सोडा, पण आदल्या रात्री त्या गॅरेजमध्ये कुणाला शांत झोप लागली असेल असं वाटत नाही. आणि २०२० मध्ये मर्सिडीजने तर बार्सिलोनाच्या चाचणीत असं स्टिअरिंग आणलं जे ड्रायव्हर स्वतःकडे ओढायचा आणि पुढच्या चाकांचा टो चालत्या गाडीत बदलायचा. २०२१ पासून नियमाने बंद. म्हणजे बघा, सरळ रस्त्याला एक टो आणि वळणाला दुसरा हवा असतो हे दुखणं त्यांनाही आहे, आपल्याकडे फक्त ते स्टिअरिंग नाही. त्यांचे आकडे मात्र विसरा. शेवरोले कॉर्व्हेटसारख्या काही गाड्यांच्या मालकाच्या पुस्तिकेत ट्रॅकसाठीचे अलाइनमेंटचे आकडे वेगळे छापलेले असतात, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत तसे असतील तर सुरुवात तिथून करा, पुस्तिका कुणी वाचत नाही हा भाग वेगळा.

प्रश्न : माझी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॉट हॅच (जास्त ताकदीची छोटी हॅचबॅक) आहे, मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा बीम. मागचं काही अ‍ॅडजस्टच होत नाही म्हणतात, मग मी काय करू?

उत्तर : पुढे करा. तुमच्या गाडीचं सगळं काम पुढचे दोन टायरच करतात, वळणं, ब्रेक, ओढणं. मागचं आतलं चाक तर वळणात हवेत असतं. पुढे उणे २.५ पासून सुरू करा, चिकट टायर असतील तर ३ पर्यंत. टो शून्य किंवा प्रत्येक चाकाला अगदी ०.०५ अंश आउट, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं गाडीला ओढताना स्वतःच थोडी आत वळतात. मागे बीम आणि हबच्या मध्ये पातळ शिम (पत्र्याची चकती) घालून बदल करता येतो पण पहिल्या हंगामात त्या भानगडीत पडू नका. पाऊस असेल त्या दिवशी पकडच कमी, त्यामुळे गाडी झुकते पण कमी, एवढा कॅम्बर लागत नाही, पण एका दिवसासाठी कुणी बदलत बसत नाही, मी पण नाही.

प्रश्न : कॅम्बर प्लेट लावलीय. ट्रॅकवर पोहोचलो की प्लेट आत सरकवायची आणि घरी येताना परत बाहेर, असं चालेल ना? टो परत परत कोण मोजणार?

उत्तर : चालेल, पण एकदा तरी मोजायलाच लागेल, एकदाच. अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी असतानाच त्या माणसाला सांगा की प्लेट ट्रॅकच्या खुणेवर घेऊन टो मोज, मग रस्त्याच्या खुणेवर घेऊन परत मोज. दोन्हीतला फरक कळला की पुढचं ठरवता येतं. टो शून्य ट्रॅकच्या खुणेवर लावायचा की रस्त्याच्या, हे कॅम्बर वाढवल्यावर टो कुठे जातो त्यावर आहे. आत सरकवल्यावर टो-आउट होत असेल तर उत्तमच, रस्त्यावर शून्य ठेवा आणि ट्रॅकवर आपोआप थोडा आउट मिळेल. पण तो ०.१५ अंशाच्या पुढे जात असेल किंवा टो-इन होत असेल तर टाय रॉड किती फेरे फिरवले की शून्य येतो ते तिथेच मोजून घ्या, अर्धा फेरा, पाव फेरा, जे काय असेल ते, दोन्ही बाजूंना सारखं.

ट्रॅकवर खात्री करायची असेल तर दोरा पुरतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर दोरा ताणायचा, चाकाच्या मध्याच्या उंचीला, दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं, आणि रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत पट्टी लावायची. कॅम्बरला लेव्हल धरा, १७ इंची रिमवर वरच्या आणि खालच्या कडेत साडेसात मिमीचा फरक म्हणजे एक अंश. जमीन सपाट नसेल तर हे सगळं फुकट, त्यामुळे पॅडॉकमधली (ट्रॅकवर गाड्या उभ्या करायच्या आवारातली) एक चांगली जागा शोधून चाकांच्या खुणा खडूने करून ठेवा. आणि ते फेऱ्यांचे आकडे फोनमध्ये नको, फोन त्या दिवशी चार्ज नसतो, बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा, फिरवायची दिशा बाणाने.